मोठेबाबांची तेरवी करावी की नाही? आणि त्यांच्या नावानं काय करावं?

पूर्णाथडी
मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मागच्या आठवड्यात गेले. घरात एक प्रश्न अडला आहे. भावकीत विचारला तर वाद वाढतो, म्हणून इथे विचारतो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, भारी. कापूस, तूर, हरभरा चांगला येतो, पण विहीर खोदली की खारं पाणी लागतं. त्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही, चहा फाटतो. त्यामुळे पूर्वी आमच्याकडे लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागे, आणि तो मोठेबाबांकडे असे.

त्यांनी बैलगाडीवर लोखंडी टाकी बसवून घेतली होती. संध्याकाळी निघायचं, रातभर चालून अंजनगावच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी पोचायचं, गोडं पाणी भरायचं, बैलांना विसावा द्यायचा आणि परत फिरायचं. लग्न, बारसं, भंडारा, तेरवी, सगळ्या पंगतींचं वरण त्यांच्या पाण्यात शिजलं. लग्नाघरून गाडीभाडं घेत. मयतीच्या घरून कधीच घेतलं नाही. पुढे शहानूर धरणाच्या पाण्याची पाइपलाइन आली आणि टाकी गोठ्यामागे उभी राहिली.

माझे वडील मी लहान असताना गेले. मला मोठेबाबांनीच वाढवलं, अमरावतीला शिकायला ठेवलं. त्यांनी मला आणि त्यांच्या दोन्ही मुलींना कधी वेगळं धरलं नाही.

आता प्रश्न. जाण्याच्या आधी ते स्वच्छ शब्दांत सांगून गेले, "माह्यी तेरवी घालू नका. तो पैसा लोकाइच्या पेवाच्या पाण्यासाठी लावा." आणि मोठी आई म्हणते, "ज्यानं जनमभर दुसऱ्याच्या पंगतीले पाणी पुरवलं, त्याच्याच नावानं पंगत नाई बसली तर मी तोंड कसं दाखवू?"

दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि पाण्यासाठी काही करायचं तर नेमकं काय? तुमच्या काका-मामांच्या मागे तुम्ही काय केलंत तेही सांगा.

कापूसवेचणी
भावपूर्ण श्रद्धांजली. मयतीच्या घरून भाडं न घेणारा माणूस. एवढ्यात सगळं आलं.

सातपुडा_पायथा
पूर्णाथडी, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण मी त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. आमचं गाव अंजनगावच्या वर. माझ्या मामाच्या मळ्यात विहीर होती, पानपिंपरीचा मळा होता. चैत्र-वैशाखात पहाटे खालच्या गावांच्या टाकीगाड्या येऊन उभ्या राहायच्या. घुंगरांचा आवाज आला की मामा झोपेतून उठून मोटर चालू करायचा.

मामाचा एकच नियम होता. आधी बैल पाणी पितील, मग माणूस, मग टाकी. पाण्याचे पैसे कोणाकडून घेतले नाहीत. मामी कुरकुर करायची की विजेचं बिल येते. मामा म्हणे, "जमिनीतल्या पाण्याले म्या काय पेरलं व्हतं?"

मामा अजून आहे. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. त्याला विचारतो टाकीवाल्यांबद्दल. तुमच्या मोठेबाबांच्या बैलांची काही खूण सांगा.

लेक_वऱ्हाडाची
मी मोठ्या आईच्या बाजूनं आहे.

माझा मोठा मामा गेला तेव्हा त्याच्या सुशिक्षित मुलांनी तेरवी टाळली, अनाथाश्रमाला धनादेश दिला. चांगलंच काम झालं. पण मामी त्या दिवशी दिवसभर ओसरीवर बसून होती आणि कोणी आलंच नाही, कारण कोणाला बोलावलंच नव्हतं. मामा हयात असताना त्या ओसरीवर चपलांना जागा नसायची. माझ्या कॉलेजची फी भरायला कापूस विकून आलेल्या पैशातून आधी माझा वाटा काढून ठेवणारा माणूस होता तो. असे किती जण असतील ज्यांना त्या दिवशी यायचं होतं, मामीजवळ बसून त्याच्याबद्दल बोलायचं होतं. त्यांना दारच उघडं मिळालं नाही.

तेरवी मागे राहिलेल्यांसाठी असते. गेलेला माणूस आपलं मागणं सांगून मोकळा झाला, घर मात्र मोठ्या आईलाच सांभाळायचं आहे.

खंजेरी
ताई, आदर ठेवून असहमत.

मरताना माणूस एकच गोष्ट मागतो आणि तीही आपण मोडायची? आमच्याच अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांनी गावोगाव फिरून सांगितलं की कर्ज काढून सण करू नका, दिवस घालू नका. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्या पुलावरून आपण रोज जातो आणि गावात आल्यावर पुन्हा बुंदीचे घाणे लावतो.

मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला काय होतं ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जावं. महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. दर वर्षी तिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं जिथे आहेत तिथे मौन उभी राहतात. माझे काका मला खांद्यावर बसवून न्यायचे. काका गेले तेव्हा आम्ही तेराव्या दिवशी सामुदायिक प्रार्थना घेतली, आलेल्याला गूळ-शेंगदाणे दिले, बस. गावातली माणसं चार दिवस बोलली, मग विसरली.

कापूसवेचणी
खंजेरी दादाच्या बाजूनं एक अनुभव. माझ्या काकाच्या तेरवीला चुलतभावानं सावकाराकडून पैसे उचलले. पाहुणे जेवून गेले. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस नेला. 2017 चा हंगाम, ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. हिरवी दिसणारी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आणि डागाळलेली सरकी. कर्ज फिटायला दोन एकर गेले. काका जिवंत असता तर त्यानं ते दोन एकर विकू दिले असते का? ज्या जमिनीसाठी तो भावांशी भांडला, तीच त्याच्या पंगतीत गेली.

मोठ्या आईचं दुःख समजतं. पण आधी घराची ऐपत पाहा.

लेक_वऱ्हाडाची
कर्ज काढून करा असं मी कुठे म्हटलं? वरण-पोळी करायला सावकार लागत नाही. बुंदी आणि मांडव लोकांनी वाढवले.

पांढरकवड्याचा
सगळे इतकं जड बोलत आहेत, मला माझ्या काकाचं सांगू द्या. पूर्णाथडीचे मोठेबाबा बैलवाले होते म्हणून आठवलं.

आमच्या काकाला शंकरपटाचा, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीचा नाद. घरात तेल-मीठ कमी पडेल, पण पटाच्या जोडीला खुराक कमी पडणार नाही. काकू म्हणायची, "पुढच्या जन्मी तुह्या गोठ्यात येतो, तवा तरी अंडे-दूध खाले भेटन." तळेगाव दशासरचा पट जवळ आला की काका आठ दिवस आधीपासून जेवताना घड्याळ हातात घेऊन बसे. सेकंद मोजायची सवय लागावी म्हणून. आम्ही पोरं त्याच्यासाठी अंगणात पळायचो आणि तो आमचा वेळ घ्यायचा. मी एकदा कुत्रा मागे लागला म्हणून जिवाच्या आकांतानं पळालो, तर काका कुत्र्याला हाकलायचं सोडून ओरडला, "थांबू नको, थांबू नको, चांगला टाइम येते!"

2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली तेव्हा काका महिनाभर गप्प होता. जोडी विकली नाही. नांगराला जुंपली, पण खुराक तोच ठेवला. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी आली ती पाहायला तो होता. पटात उतरण्याचं वय जोडीचंही नव्हतं आणि त्याचंही. त्यानं दोन्ही बैलांना हळद लावली, झुली घातल्या आणि गावातून मिरवून आणलं.

त्याच्या तेरवीला पटातले विरोधक आले होते. ज्याच्याशी काकाचं अर्ध्या सेकंदावरून आयुष्यभर भांडण होतं, तो माणूस पंगतीत वाढायला उभा राहिला.

मूर्तिजापूर_जंक्शन
कुत्र्याचा टाइम किती आला तेही सांगा दादा!

बैलगाडीच्या टाकीवरून मलाही एक सांगायचं आहे. माझा मामा शकुंतलेवर गँगमन होता. मूर्तिजापूर ते अचलपूर, 76 किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी. दर्यापूरचं स्टेशन बनोसा. मामाची ड्युटी अंजनगावकडे असली की येताना गोड्या पाण्याचे डबे भरून गाडीत टाकायचा आणि बनोसाला मावशीच्या घरी उतरवायचा. मावशीच्या गल्लीतल्या लोकांना गाडीचं वेळापत्रक पाठ नव्हतं, मामाचं होतं.

1994 ला वाफेचं इंजिन गेलं आणि डिझेल आलं. मामाला ते आवडलं नाही, पण निवृत्तीपर्यंत रोज रुळावर चालला. आता त्या रुळांवरून गाडी जात नाही. मामाच्या नावानं आम्ही काहीच केलं नाही. त्याचा कंदील मी ठेवला आहे, काच बदलून घेतली, पेटतो.

पांढरकवड्याचा
टाइम काकानं सांगितला नाही. म्हणाला, कुत्रा असताना घेतलेला टाइम धरत नाही.

पूर्णाथडी
तुम्हा सगळ्यांचं मोठ्या आईला वाचून दाखवतो आहे. कुत्र्याच्या गोष्टीवर ती हसली. मोठेबाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

सातपुडा_पायथा, बैलांची खूण विचारलीत. एक लाल, एक पांढरा. मोठेबाबा पोळ्यालाच नाही तर बाराही महिने लाल्याच्या शिंगाला निळा रंग देत, अंधारात कंदिलाच्या उजेडात चटकन दिसावा म्हणून. टाकीच्या मागे तोटीला त्यांनी फडकं बांधलेलं असे, ते पाणी गाळायसाठी.

पोळ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आदल्या संध्याकाळी खांद मळताना ते बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत आणि म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." सगळेच म्हणतात. पण मोठेबाबा ते म्हणून झाल्यावर बैलाच्या खांद्यावरची घट्टे पडलेली जागा हातानं दाबून बघत आणि मला बोलावून माझा हात तिथे ठेवत. "हे लोकाइच्या लग्नाचं आहे," म्हणत. आम्ही ज्या ज्या लग्नात वरण-भात जेवलो, त्याचं वजन कुठे पडलं ते त्यांनी मला असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली त्यांची झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं कवन, ऐकायला बाजूच्या गावची माणसं यायची. दर वर्षी नवी रचत. पाण्यावर असे, कापसाच्या भावावर असे, एकदा तर सरपंचावर होती आणि सरपंच स्वतः हसत उभे होते. एकही लिहून ठेवलेली नाही. मला तुकडे तुकडे येतात.

निवृत्त_मास्तर
पूर्णाथडी, ते तुकडे आजच लिहून काढा. जेवढे आठवतात तेवढे, चुकीच्या क्रमानं का होईना. आणि गावात तुमच्या मोठेबाबांच्या वयाची जी माणसं आहेत त्यांच्याकडे जा, एकेकाला विचारा. एकाला पहिली ओळ येईल, दुसऱ्याला तिसरी. मी माझ्या शाळेच्या गावी मुलांकडून असं काम करून घेतलं आहे. म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारलं की त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

झडतीइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची. ते कोणकोणत्या विहिरींवर जात, मधे मुक्काम कुठे करत, नाल्याला पूर आला की कोणता रस्ता धरत, हे नोंदवा. खारपाणपट्ट्यातली माणसं पाइपलाइनच्या आधी कशी जगली याची कागदावर फार थोडी नोंद आहे. ज्यांनी पाणी वाहिलं ती माणसं एकेक करून जात आहेत.

झाडीपट्टी
तुमच्या पट्ट्यातलं पाण्याचं दुःख वाचून नवल वाटलं. आम्ही विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा-गडचिरोलीकडे. आमच्याकडे मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत. माझा काका तलावाच्या पाटाचा पाळीदार होता. पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे तो ठरवी. तुमच्याकडे पाणी आणणारा, आमच्याकडे पाणी वाटणारा.

आणि रात्री तोच काका दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात नाचे. वडशाच्या नाटकमंडळींची गाडी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला आली की काका घरी सापडत नसे. त्याला भूमिका कधी मिळाली नाही, पडदा ओढायचं काम मिळालं आणि ते त्यानं मरेपर्यंत अभिमानानं केलं. त्याच्या मयतीला नाटकवाले रात्रीचा प्रयोग संपवून, चेहऱ्यावरचा रंग न पुसता आले होते. राजाच्या वेशातला माणूस माझ्या काकूच्या पायाशी बसून रडला. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

आमच्याकडे तेरवीपेक्षा गावजेवण मोठं. माझं मत पंगतीच्या बाजूनं.

सिस्टर_अकोला
मी पाण्याच्या भागावर बोलते, कारण तेच माझं काम आहे. खारपाणपट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी झाली. मूत्रखड्याचे, किडनीचे किती रुग्ण पाहिले याची गणती नाही. लोकांना खारं पाणी सोडा म्हणायचं आणि पर्याय द्यायचा नाही, हे फार जड जायचं. त्यामुळे तुमच्या मोठेबाबांची मागणी मला मनापासून पटली.

एक विनंती. शाळेला किंवा गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवू नका. मी अशी कितीतरी यंत्रं कुलूपबंद पाहिली आहेत. उद्घाटन जोरात होतं, वर्ष-दीड वर्षात आतला पडदा खराब होतो, तो बदलायला पैसे कोणी देत नाही, विजेचं बिल थकतं. खारं पाणी असलं की पडदा आणखी लवकर जातो आणि यंत्रातून वाया जाणारं पाणी पुन्हा तिथेच मुरतं.

त्यापेक्षा शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवा. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर 100 चौरस मीटर धरा, वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरा. 70,000 लिटर होतात. पाचवा हिस्सा सांडण्या-उडण्यात गेला तरी 56,000 उरतात. शाळेत साठ मुलं असतील आणि प्रत्येकी रोज तीन लिटर लागलं तर दिवसाला 180 लिटर.

निवृत्त_मास्तर
सिस्टर, हिशोब पुढे नेतो. एवढी मोठी टाकी बांधायची गरजही नाही. पावसाळ्यात टाकी भरत-रिकामी होत राहते. खरा प्रश्न पाऊस गेल्यानंतरच्या दिवसांचा. ऑक्टोबर ते एप्रिल, सुट्ट्या वगळून शाळेचे साधारण 130 दिवस. 180 गुणिले 130 म्हणजे 23,400 लिटर. 25,000 लिटरची टाकी पुरते. आतून चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन मीटरपेक्षा थोडी खोल.

दोन गोष्टी चुकवू नका. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. छपरावरची धूळ, पाखरांची घाण त्यात असते. नळीला तशी तोटी ठेवा की पहिलं पाणी बाहेर जाईल. आणि टाकीत उजेड शिरू देऊ नका, नाहीतर शेवाळ धरतं.

सिस्टर_अकोला
आणि पिण्याआधी मापात क्लोरीन. ते विसरू नका मास्तर.

वऱ्हाडमाती
काळी माती आहे तिथली, फुगते आणि आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीत टाकी बांधली तर भिंतीला तडे जातील आणि बाहेरचं खारं पाणी आत येईल. मी गवंडीकाम करतो म्हणून सांगतो. जमिनीच्या वर बांधा किंवा खाली मुरूम नीट भरून लोखंड घालून करा. पैसे वाचवायला जाल तर दोन वर्षांत टाकी फुटेल.

आणि टाकीवर मोठेबाबांचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे पुढाऱ्यांची नावं मुतारीवर पण असतात. ज्यानं खरोखर पाणी पाजलं त्याचं का नसावं?

खंजेरी
नावाची हौस नको दादा. त्यांनी टाकीवर कधी नाव टाकलं होतं का?

वऱ्हाडमाती
हौस कायची? उद्या पोट्ट्यानं पाणी पेताना विचारलं पाह्यजे, हा कोण होता म्हणून. विचारलं तर कोणीतरी सांगन. नाव नसलं तर कोण विचारते?

लेक_वऱ्हाडाची
या मुद्द्यावर वऱ्हाडमाती दादांशी सहमत.

पण मूळ प्रश्न अजून लटकलेलाच आहे. टाकी तर झाली, पंगतीचं काय? खंजेरी दादा, तुम्ही गाडगेबाबांचं नाव घेतलंत म्हणून त्यांचाच दहा कलमांचा संदेश आठवा. पहिलं काय आहे? भुकेलेल्यांना अन्न. दुसरं? तहानलेल्यांना पाणी. मोठी आई पहिलं मागते आहे आणि मोठेबाबा दुसरं. यात भांडण कुठे आहे?

खंजेरी
ताई, हे मला सुचलं नव्हतं. मान्य. पण जेवण भुकेलेल्यांना असावं. ज्याच्या घरी रोज दोन भाज्या होतात त्याला आणखी एक पंगत कशाला?

पूर्णाथडी
काल तेरवी झाली. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी घरचं असल्यासारखं लक्ष घातलंत.

लेक_वऱ्हाडाची ताईंचं अन्न-पाण्याचं वाचून दाखवलं तेव्हा मोठी आई खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वरण-पोयी अन् वांग्याची भाजी. गोड नाई कराचं. ज्याइच्या इथं त्यायनं भाडं घेतलं नाई, त्याइले पयले सांगा."

म्हणजे मयतीची घरं. मी आणि माझ्या दोन्ही बहिणी वहीच घेऊन बसलो. मोठी आई एकेक घर सांगत गेली, कोणाच्या घरी केव्हा मौत झाली, तेव्हा कोणता महिना होता, गाडी किती वाजता आली. तिच्या डोक्यात सगळं होतं. ज्या घरातली म्हातारी माणसं आता नाहीत, त्यांची मुलं-नातवंडं बोलावली. काही घरं गावाच्या अशा वस्तीतली होती जिथे आमच्या भावकीनं पूर्वी कधी तेरवीचं आवतण दिलं नव्हतं. मोठेबाबांचं पाणी मात्र तिथे गेलेलं होतं. भावकीतले दोन जण त्यावरून आले नाहीत. मोठी आई म्हणाली, "न येवोत." खंजेरी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिनं हे दिलं.

एका बाईनं पंगतीत उठून सांगितलं की तिच्या सासूच्या मयतीला रात्री पाऊस लागला, रस्त्यात चिखल, बैल फसला, तरी मोठेबाबा टाकी घेऊन आले आणि आल्यावर विचारलं, "लेकराइनं काई खाल्लं का?" आम्हाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. घरी आल्यावर त्यांनी कधी सांगितलीच नाही. अशा कितीतरी गोष्टी काल पहिल्यांदा कळल्या. लेक_वऱ्हाडाची ताई, दार उघडं ठेवा म्हणालात ते बरं केलंत.

मास्तर, झडतीचे तुकडे जमवायला सुरुवात केली आहे. पाण्यावरची एक जवळजवळ पूर्ण मिळाली. लाल्या-पांढऱ्यावरची अर्धी आहे.

टाकीचं शाळेत बोललो. मुख्याध्यापिका तयार आहेत. बुंदी आणि मांडवाचे वाचलेले पैसे आणि माझे थोडे, मिळून सिमेंट-लोखंड येतं. मृगाच्या आत स्लॅब पडायला हवा. जागा जमिनीच्या वरचीच ठरवली, वऱ्हाडमाती दादा. नाव लिहायचं की नाही ते मोठी आई ठरवील. ती म्हणते आधी टाकी गळते का ते पाहू.

वऱ्हाडमाती
मोठ्या आईले माहा नमस्कार. खरी मालकीण. स्लॅबच्या दिवशी मी येतो, दोन माणसं घेऊन. मजुरी घेणार नाही, त्यावर वाद घालू नका. आतल्या प्लास्टरमध्ये पाणी न झिरपायचं औषध टाका आणि निदान दहा दिवस ओलं ठेवा.

झाडीपट्टी
भावकीतले जे आले नाहीत त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. टाकीवर येतीलच पाणी प्यायला.

कापूसवेचणी
मी आधी विरोधात होतो. अशी तेरवी असेल तर माझी हरकत नाही.

सातपुडा_पायथा
पूर्णाथडी, मामाला विचारून आलो. निळ्या शिंगाचा लाल बैल म्हटल्यावर तो म्हणाला, "फडकंवाला." मी तुमची पोस्ट त्याला वाचून दाखवली नव्हती, फक्त शिंगाचा रंग विचारला होता. तोटीला फडकं बांधणारा एकच होता म्हणे, बाकीचे तसेच भरून नेत. नाव-गाव मामाला कधीच माहीत नव्हतं. विचारलं नाही म्हणाला, पाणी भरायला आलेल्याला काय विचारायचं.

मग खूप वेळानं त्यानं विचारलं की तो बैल किती वर्षं जगला. काय सांगू?

आणि त्याला टाकी पाहायला यायचं आहे. गुडघे दुखतात, एसटीत चढवता येत नाही. गाडी करून आणली तर चालेल का? मुक्काम करावा लागेल.

पूर्णाथडी
लाल्या आमच्या गोठ्यातच म्हातारा होऊन गेला. विकला नाही. शेताच्या धुऱ्यावर पुरला आहे, तिथे आता बाभूळ आहे. एवढं सांगा मामांना.

गाडी करूनच आणा. अंजनगावहून दर्यापूरच्या अलीकडे आमच्या फाट्यावर मी उभा राहतो. मोठी आई म्हणते, मुक्काम एका दिवसाचा धरू नका, आणि मामांना जेवणात काय चालतं, काय नाही ते आधी कळवा.